मला काय, नुसतं पित्त

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातल्या. कलमांची बाग आहे, घरात दोघंच, मुलगा-सून पनवेलला. यजमान ५९ वर्षांचे. गेल्या शिमग्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, कोल्हापूरला अँजिओप्लास्टी करून, म्हणजे अडलेली नळी आतून उघडून, एक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला. दुसऱ्या एका नळीत ६० टक्के अडथळा आहे, त्याला ‘सध्या गोळ्यांवर ठेवू’ असं डॉक्टर म्हणाले. आता सात महिने झाले. यजमान म्हणतात, नळी साफ झाली, गोळ्या कशाला? दोन गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्यात. तंबाखू सुटलेली नाही. शेजारून लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा आलाय. मुंबईचे दीर म्हणतात, बायपास करून मोकळे व्हा. मुलगा म्हणतो, गाव सोडा. ताईंनी घरात मीठ, नारळ, मासे बंद केलेत आणि त्यावरून रोज खटके उडतात. ‘कोणाचं ऐकू?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘माझी तब्येत तशी बरी, आठ वर्षं साखरेची गोळी चालू आहे. पाखाडी चढताना छातीत जळजळतं, थांबलं की बरं वाटतं. पण मला काय, नुसतं पित्त.’

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. पावणेचार पानं यजमानांची आणि तुमच्या वाट्याला ही शेवटची ओळ. मी उत्तर त्या ओळीपासूनच सुरू करते. यजमानांच्या गोळ्यांचा विषयही तातडीचा आहे, त्यावर लगेच येते. पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला तुम्ही आहात. तुमच्यावर लक्ष ठेवणारं त्या घरात कोणी दिसत नाही.

पित्ताचं नातं जेवणाशी असतं, जागरणाशी असतं, चढणीशी नसतं. तिखट खाल्लं, उपास घडला, आडवं पडलं की जळजळ वाढते. तुमची जळजळ चढताना सुरू होते आणि थांबलं की जाते. श्रमानं येणारी आणि विश्रांतीनं जाणारी छातीतली कोणतीही तक्रार, मग ती दुखणं असो, दडपण असो, जळजळ असो की नुसता दम लागणं असो, तपासून खात्री होईपर्यंत हृदयाचीच धरायची. याला अंजायना म्हणतात. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं, अरुंद झालेल्या नळीतून ते पोचत नाही आणि हृदय तक्रार करतं. थांबलं की मागणी कमी होते, तक्रार मिटते. पत्रावरून मी निदान करू शकत नाही आणि कदाचित हे खरंच पित्त निघेल. तसं निघालं तर मला आनंदच होईल. पण ते तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही.

माझी मोठी मावशी राजापूरकडची. विहिरीवरून घरी यायला जांभ्या दगडाची पाखाडी, साठेक पायऱ्या. मधल्या वळणावर रातांब्याचं झाड आहे. मावशी त्या झाडाशी थांबायची, एक हात खोडावर टेकून वर बघायची. का थांबलीस विचारलं तर म्हणायची, ‘रातांबे धरलेत का बघतंय.’ दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या मागून कळशी घेऊन चढत होते, तेव्हाही ती तिथे थांबली आणि हेच म्हणाली. दिवाळीत कुठले रातांबे! मी तेव्हा डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. अंजायनाची व्याख्या मला तोंडपाठ होती आणि समोर उभी असलेली अंजायना मला दिसली नाही. तिलाही साखर होती. घरात तिच्या उशाशी खायच्या सोड्याची बाटली असायची. जानेवारीत तिला झटका आला. वाचली, पण हृदय अर्धंमुर्धं उरलं, आणि पुढची सहा वर्षं ती त्या पायऱ्या कधी चढली नाही. तुमची ओळ वाचून मला आधी ते झाड आठवलं.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, हा समज तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. तो तुमचा एकटीचा नाही, सगळ्या समाजाचा आहे, आणि बायका दवाखान्यात उशिरा पोचतात त्याचं तो एक मोठं कारण आहे. पाळी चालू असेपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं, पाळी गेली की ते ओसरतं. साखर असेल तर ते आधीच संपतं. मधुमेहानं हृदयविकाराचा धोका पुरुषापेक्षा बाईत जास्त पटीनं वाढतो. शिवाय बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे सिनेमात दाखवतात तसं छाती धरून कोसळणं होतच असं नाही. दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ भरून येते, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं वाटतं. बायकांच्या बाबतीत यातलं काहीही ‘अशक्तपणा’ म्हणून खपून जातं.

आणखी दोन गोष्टी विचारते, पत्रात त्या नाहीत. बाळंतपणाच्या वेळी ब्लडप्रेशर किंवा साखर वाढली होती का? वाढली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा; त्याचा परिणाम वीस-पंचवीस वर्षांनीही मोजावा लागतो. दुसरं, मशेरी लावता का? संकोच करू नका. आपल्याकडे सकाळी चुलीपाशी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास कितीतरी घरांतून येतो, आणि ज्या घरात यजमानांना तंबाखूवरून बोलतात त्या घरच्या बाईच्या बोटालाही तोच काळा रंग असतो. मशेरी म्हणजे दात घासायची पूड नव्हे, तीही तंबाखूच. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, नाडी आणि प्रेशर दोन्ही वाढवतं. लावत असाल तर दोघांनी एका दिवशी सोडा. मदतीला सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. एकट्यानं सोडण्यापेक्षा जोडीनं सोडणं सोपं जातं, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

तर या आठवड्यात तुम्ही फिजिशियनकडे जा. ‘पित्त’ हा शब्द उच्चारू नका. ‘चढताना छातीत जळजळतं, थांबल्यावर जातं, आठ वर्षं मधुमेह आहे’ एवढंच सांगा. ईसीजी काढतील. बसल्या जागचा ईसीजी चांगला आला म्हणून ‘काही नाही’ म्हणत घरी येऊ नका, कारण अंजायना असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. पुढची तपासणी कोणती, पट्ट्यावर चालायची टीएमटी की टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) की थेट अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांचा एक्स-रे), हे डॉक्टर ठरवतील, पण ‘पुढे काय?’ हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोवर डोक्यावर भारा घेऊन पाखाडी चढायची नाही. आणि जळजळ बसल्या जागी आली, आधीपेक्षा कमी श्रमात यायला लागली किंवा दहा मिनिटांत गेली नाही, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

आता यजमान.

‘नळी साफ झाली’ हे ते म्हणतात त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही डॉक्टर लोकच स्टेंटचं चित्र काढताना तुंबलेला पाइप काढतो. पण हृदयाची रक्तवाहिनी म्हणजे पाइप नव्हे आणि कोलेस्टेरॉल म्हणजे आतून चिकटलेला गाळ नव्हे. तो भिंतीच्या आत मुरतो, वर्षानुवर्षं. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला ओल धरते तसं समजा. एका जागी पापुद्रा सुटला, तिथे गिलावा केला. ती जागा दुरुस्त झाली, ओल भिंतभर आहेच. झटका बहुतेक वेळा येतो तो असा: भिंतीतला एखादा मऊ फुगवटा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. फुटणारा फुगवटा मोठाच असतो असं नाही, ३०-४० टक्क्यांचाही फुटतो. म्हणून स्टेंट ही एका जागेची दुरुस्ती आणि गोळ्या हा भिंतभर उपचार. गोळ्या स्टेंटच्या सोबतीला दिलेल्या नाहीत, मुख्य औषध त्याच आहेत.

बंद केलेल्या दोन गोळ्या कोणत्या, हे तुम्ही लिहिलं नाही. आजच पाकिटावरचं नाव वाचा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांतलं काही असेल तर हे पत्र बाजूला ठेवून कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन करा. झटक्यानंतर रक्ताची गुठळी रोखणाऱ्या अशा दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात. मधेच थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा घातक असतो. दात काढायचा असला तरी त्या आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत. बंद केलेली गोळी कोलेस्टेरॉलची, म्हणजे अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असेल, तरी ती पुन्हा सुरू व्हायला हवी. १९९४ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना या जातीची गोळी दिली होती. पाच-साडेपाच वर्षांत त्यांच्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. रिपोर्टात कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून ती थांबवायची नसते, तिच्यामुळेच ते नॉर्मल आलेलं असतं. झटका येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली आणि जमलं तर ५५ च्या खाली हवं. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘१०० पर्यंत ठीक’ ही मर्यादा त्यांच्यासाठी नाही.

पण त्यांना हे ऐकवण्याआधी एक करा. गोळी का बंद केली ते विचारा, आणि चिडून नको. अंगदुखी होते? हिरड्यांतून रक्त येतं? टिकाग्रेलॉरनं काहींना दम लागल्यासारखं वाटतं, तसं काही आहे का? की दर महिन्याचा खर्च जड जातो? आणि पुरुषमाणूस बायकोला सांगत नाही असंही एक कारण असतं: नवरा-बायकोच्या नात्यात आता जोर राहिला नाही, तो गोळ्यांमुळे गेला, असं त्यांना वाटतं. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे, गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. डॉक्टरांशी त्यांना पाच मिनिटं एकट्याला बोलू द्या. खर्चाचं असेल तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या खूप कमी दरात मिळतात, आणि त्या खालच्या प्रतीच्या नसतात.

‘मला काही झालेलं नाही’ असं म्हणणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो. झटक्यानंतर मन खचणं फार जणांना होतं, आणि आपल्याकडचे पुरुष ते रागातून दाखवतात. तुम्ही त्यांच्या ताटावर पहारा ठेवलाय, ते गोळ्या टाकून त्याचा बदला घेतायत. हे वाक्य तुम्हाला लागेल, पण तुमच्या पत्रातली भांडणं वाचून मला असंच वाटलं.

म्हणून ताटाबद्दल. मासे बंद करू नका! बांगडा आणि तारली हे हृदयाला चांगले मासे आहेत, आणि तुमच्या दारात ताजे येतात. कालवण करा, तळणं कमी करा. कमी करायची ती सुकी मासळी, कारण ती मिठात मुरलेली असते; सुकटीची चटणी, पापड, लोणचं हीच मिठाची खरी कोठारं. दिवसाला माणशी चमचाभर मीठ, म्हणजे ५ ग्रॅम, ही मर्यादा, आणि ती बिनमिठाची भाजी करून नाही, तर पानाच्या डाव्या बाजूला आवर घालून पाळली जाते. नारळ पूर्ण सोडायला मी सांगणार नाही, कोकणातल्या माणसाला ते जन्मात जमणार नाही. मात्र खोबऱ्यातली चरबी ही एलडीएल वाढवणाऱ्या जातीची असते, हे खरं. तेव्हा रोजच्या वाटणात एका नारळाच्या जागी पाव नारळ, सोलकढीत रस पातळ आणि आमसूल जास्त. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, वालीच्या शेंगा हे सगळं तुमच्याकडचंच आहे. भाताचं प्रमाण कमी करायचंय ते तुम्हा दोघांचं, साखर तुम्हाला आहे म्हणून आणि पोट त्यांना असेल म्हणून. कमरेचा घेर मोजा: आपल्या लोकांत पुरुषाचा ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आणि वेगळा स्वयंपाक कोणासाठीच नको, दोघांचं ताट एकच.

काढ्यानं अडथळा विरघळत नाही. फोडणीतली लसूण चालेल, पण रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर वाटीवाटीनं लसूण-आल्याचा रस घेतला तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि त्यात मध असेल तर तो तुम्ही अजिबात चाखू नका. शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे. त्यांना तसं सांगून काढा परत करा.

उरलेल्या ६० टक्क्यांचं काय, यावर दिरांचं मत ठाम दिसतं. ‘अडथळा आहे म्हणजे काढायला हवा’ हे ऐकायला बरोबर वाटतं, पण तसं नाही. ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा ५,१७९ रुग्णांवर ३७ देशांत झालेला अभ्यास २०२० साली छापून आला. गोळ्यांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्यानं त्यांच्यातले झटके आणि मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. झटका नुकताच येऊन गेलेल्यांचा हिशेब थोडा वेगळा. त्यांच्या बाबतीत दुसऱ्या नळीतला ७० टक्के किंवा त्यावरचा अडथळाही स्टेंटनं उघडला तर पुढचे झटके कमी होतात, हे २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. ५० ते ६९ टक्क्यांच्या अडथळ्यात आधी बारीक तारेनं रक्ताचा दाब मोजून बघतात, त्याला एफएफआर म्हणतात. यजमान नेमके या मधल्या घरात आहेत. तेव्हा डॉक्टर निष्काळजी होते असं धरू नका, त्यांना नेमकं विचारा: ‘त्या नळीचा एफएफआर केला होता का? नसेल तर करायची गरज आहे का? आणि ती नळी कोणती?’ बायपास लागते ती मुख्य डावी नळी अडली असेल तर, किंवा तिन्ही नळ्यांत मोठे अडथळे असतील तर, त्यातही मधुमेह असेल तेव्हा. दिरांना हा परिच्छेद वाचायला द्या. पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन सरकारी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात.

राहिला गाव सोडायचा प्रश्न. मुलाची भीती खरी आहे. आंबा घाटात दरड कोसळलेली असताना रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर काय, हा प्रश्न मलाही पडतो. पण बागेतून उचलून पनवेलच्या दोन खोल्यांत बसवलेला माणूस चालायचा थांबतो, बोलायचा थांबतो, आणि तेही हृदयाला चांगलं नसतं. माझं मत असं, की आधी गावात राहून तयारी करा, मग ठरवा. वाटलं तर पावसाळ्याचे तीन महिने मुलाकडे काढा आणि मोहोराच्या आत परत या. बागेचं कामही त्या वेळेपासूनच असतं.

तयारी म्हणजे काय, ते लिहिते, कारण हे खाडीपलीकडच्या, सड्यावरच्या, घाटीखालच्या प्रत्येक घराला लागू आहे. आपल्याकडे झटका आला की लोक गाडी काढतात आणि थेट कोल्हापूरचा नाहीतर मुंबईचा रस्ता धरतात. रत्नागिरी ते कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मधे घाट. तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. अँजिओप्लास्टीच्या टेबलावर दोन तासांत पोचणं शक्य नसेल तर आधी जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज, घ्यायचं आणि मग पुढे जायचं. हे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात चांगलं काम करतं, बारा तासांनंतर त्याचा उपयोग जवळजवळ राहत नाही. म्हणून आज, सगळं ठीक असताना, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात चौकशी करून ठेवा: ईसीजी रात्रीही निघतो का, हे इंजेक्शन असतं का, द्यायला डॉक्टर असतात का. जिथे उत्तर ‘हो’ मिळेल त्या जागेचं नाव पडवीत भिंतीवर लिहा. खाली १०८ लिहा आणि वाडीतल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर लिहा, एक उचलला नाही तर दुसरा. रस्त्यापर्यंत पाखाडी चढून जायचं नाही, खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. ती खुर्ची कोणती, उचलणारे कोण, हेही आधीच बोलून ठेवा. घरात सॉर्बिट्रेट (छातीतलं दुखणं उतरवायची गोळी) आणि अॅस्पिरिन ३०० ठेवायच्या का, कोणी कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून दोघांच्याही नावानं लिहून घ्या. सॉर्बिट्रेट नेहमी बसून जिभेखाली ठेवायची, कारण प्रेशर एकदम उतरू शकतं. फाईलचे कागद फोनमध्ये फोटो काढून मुलाला पाठवा.

आणि मुलाला त्याचं स्वतःचं कोलेस्टेरॉल, साखर, प्रेशर तपासायला सांगा. आपल्या भागात पहिला झटका बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, आणि त्याला आता दोन्ही बाजूंनी वारसा असण्याची शक्यता आहे.

सोमवारी दोघं मिळून तालुक्याला जा. त्यांना ‘तुम्हाला दाखवायचंय’ म्हणू नका, ‘मला दाखवायचंय, सोबत चला’ म्हणा, ते येतील. केसपेपर दोन काढा, पहिला तुमच्या नावाचा.